गेमिंगसाठी माउस, कीबोर्ड आणि कीपॅड कसा निवडावा? खोक्यावरच्या आकड्यांचा खरा अर्थ



मोबाइलवर दोन-तीन वर्षं बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स खेळून झालं की बऱ्याच जणांना पीसी गेमिंगचे वेध लागतात. कॉलेजच्या निमित्ताने घरात लॅपटॉप येतो, व्हॅलोरंटसारखी गेम फुकट डाउनलोड होते आणि पहिल्याच मॅचमध्ये लक्षात येतं की टचपॅडवर नेम धरणं काही जमत नाही. मग शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात '१६००० डीपीआय', 'मेकॅनिकल फील', '२६ की अँटी-घोस्टिंग', 'आरजीबी' असे शब्द. यातलं नेमकं काय कामाचं आणि काय फक्त खोक्यावर छापण्यापुरतं?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात ती गावाकडची भावंडं आणि त्यांचे मित्र. बहुतेकांकडे साठवलेले दोन-तीन हजार रुपये असतात. एकदा वस्तू घेतली की पुढची दोन-तीन वर्षं तीच वापरायची असते, 'नाही आवडलं तर दुसरं घेऊ' ही सोय नसते. त्यामुळे या लेखात मी कुठलं एक मॉडेल घ्या असं सांगणार नाही. मॉडेलं दर सहा महिन्यांनी बदलतात. कुठल्याही दुकानात उभे असाल तर समोरची वस्तू तुमची तुम्हाला पारखता यावी, एवढंच आपलं ध्येय. चला तर मग, सुरुवात माउसपासून.

आधी काय घ्यायचं?

लॅपटॉप असेल तर आधी माउस, मग माउसपॅड आणि शेवटी कीबोर्ड. कारण सोपं आहे. लॅपटॉपच्या कीबोर्डवर गेम बऱ्यापैकी खेळता येते, टचपॅडवर मात्र शूटर गेम खेळताच येत नाही. मोबाइलवर उजवा अंगठा जे काम करतो (इकडे-तिकडे बघणं, नेम धरणं) ते पीसीवर माउस करतो. डावा अंगठा जे करतो (चालणं, पळणं) ते कीबोर्ड करतो. नेम चुकला तर मॅच गेली, म्हणून पैसे आधी माउसवर लावायचे.

माउस: पहिला प्रश्न हाताचा

डीपीआय वगैरे नंतर बघू. माउस हातात नीट बसतो का, हे सगळ्यात महत्त्वाचं. माउस धरायच्या मुख्य तीन पद्धती आहेत:

१. पाम ग्रिप: पूर्ण तळहात माउसवर टेकलेला. यासाठी मोठा, पाठीला उंचवटा असलेला माउस बरा. रेझरचा डेथअॅडर हा या प्रकारातला जुना आणि प्रसिद्ध माउस, २००६ पासून त्याच्या आवृत्त्या येत आहेत.

२. क्लॉ ग्रिप: तळहाताचा मागचा भाग टेकलेला, बोटं मात्र पंजासारखी वाकलेली. मध्यम आकाराचा माउस चालतो.

३. फिंगरटिप ग्रिप: फक्त बोटांची टोकं माउसवर, तळहात हवेत. यासाठी लहान आणि हलका माउस लागतो.

तुमची पद्धत कोणती हे ठरवायला फार विचार करू नका. डोळे मिटून टेबलावरचा कुठलाही माउस धरा, हात आपोआप जसा बसेल ती तुमची पद्धत. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजा. प्रत्येक माउसची लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये कंपनीच्या वेबसाइटवर दिलेली असते. मित्राचा जो माउस तुमच्या हाताला बरा वाटला असेल, त्याची मापं शोधून ठेवा. ऑनलाइन घेताना हाच सगळ्यात भरवशाचा आधार.

वजनही बघा. लॉजिटेकचा जी१०२ हा आपल्याकडे खूप खपणारा वायरवाला माउस साधारण ८५ ग्रॅमचा आहे. महागड्या जी प्रो एक्स सुपरलाइटचं वजन ६३ ग्रॅमच्या आत आहे. हलका माउस पटकन वळतो आणि पटकन थांबतो, तासन्‌तास खेळताना हातही कमी दुखतो. पण तुम्ही सुरुवात करत असाल तर ८०-१०० ग्रॅममध्ये काहीही बिघडत नाही. वजन कमी करण्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज पहिल्या माउसला नाही.

डीपीआय म्हणजे काय?

ऑप्टिकल माउसच्या पोटात एक छोटा दिवा आणि एक छोटा कॅमेरा असतो. हा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी तुलना करून माउस किती आणि कुठे सरकला ते ओळखतो. म्हणूनच स्वच्छ काचेच्या टेबलावर साधा माउस गडबडतो, कारण फोटोत ओळखण्यासारखं काही सापडतच नाही.

८०० डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकवला की तो कॉम्प्युटरला ८०० पावलं झाल्याचं कळवतो. तुमची स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद असेल आणि विंडोजचं पॉइंटर सेटिंग मधोमध असेल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला २.४ इंच हात हलवावा लागेल. आता १६००० डीपीआय लावा. तेच अंतर कापायला फक्त ३ मिलिमीटर पुरेत! एवढ्याशा हालचालीत कुणाचं डोकं नेमकं टिपणार? नुसता श्वास घेतला तरी नेम हलेल.

म्हणूनच अनेक प्रोफेशनल शूटर खेळाडू ४०० ते १६०० डीपीआयच्या दरम्यान खेळतात. थोडक्यात, खोक्यावरचा डीपीआयचा मोठा आकडा म्हणजे ताशी २६० किलोमीटर लिहिलेला स्पीडोमीटर. रस्ता तेवढा लागतच नाही. शिवाय स्वस्त माउसमध्ये हा आकडा बऱ्याचदा सेन्सरच्या मूळ ताकदीच्या पलीकडे फुगवलेला असतो.

मग बघायचं काय? सेन्सरचं नाव. बहुतेक कंपन्या तैवानच्या पिक्सआर्ट या कंपनीचे सेन्सर वापरतात. पीएमडब्ल्यू ३३६०, पीएडब्ल्यू ३३९५ ही त्यातली चांगली नावं. लॉजिटेक स्वतःचा हीरो सेन्सर वापरते. ज्या माउसच्या माहितीत सेन्सरचं नावच दिलेलं नाही, फक्त '१२८०० डीपीआय' एवढंच लिहिलंय, तो मी शक्यतो टाळतो.

सेन्सरच्या माहितीत 'आयपीएस' असा एक आकडा असतो. सेकंदाला किती इंच वेगापर्यंत सेन्सर हालचाल नीट पकडतो, ते तो सांगतो. ३३६० मध्ये तो २५० आहे. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणारे हात जोरात फिरवतात. तेव्हा हलका सेन्सर चुकतो आणि नजर भलतीकडेच, आकाशाकडे किंवा जमिनीकडे जाते. हा आकडा डीपीआयपेक्षा कितीतरी कामाचा.

सेन्सिटिव्हिटीचं गणित

बीजीएमआयमध्ये तुम्ही यूट्यूबरचा सेन्सिटिव्हिटी कोड टाकत असाल. पीसीवर कोडऐवजी दोन आकडे असतात: माउसचा डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे ईडीपीआय. ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सिटिव्हिटी म्हणजे २८० ईडीपीआय. १६०० आणि ०.१७५ म्हणजेही २८०. दोघांचा वेग सारखाच.

व्हॅलोरंटमध्ये २०० ते ४०० ईडीपीआय ही नेहमीची रेंज. २८० वर पूर्ण गोल वळायला माउस साधारण ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणजे मागे वळून बघायलाच २३-२४ सेंटिमीटर. आता तुमच्याकडचा तो छोटा माउसपॅड मोजा. बहुतेक साधे पॅड २०-२५ सेंटिमीटर रुंद असतात. मागून कोणी आलं की पॅड संपतो आणि माउस टेबलाखाली! अनेकांना वाटतं की माउस खराब आहे, आणि कमी पडलेली असते ती जागा.

म्हणून माउस घेताना कापडी, मोठा माउसपॅड बजेटमध्ये धराच. निदान ४० सेंटिमीटर रुंद हवा आणि खाली न घसरणारं रबर हवं. लाकडी टेबलावर वर्तमानपत्र घालून खेळणारे मी पाहिलेत, पण घड्या आणि शाईमुळे माउसची सरक एकसारखी राहत नाही.

पोलिंग रेट

फोन घेताना तुम्ही 'टच सॅम्पलिंग रेट २४० हर्ट्झ' वाचलं असेल. पोलिंग रेट हा माउसचा तसाच आकडा: सेकंदाला किती वेळा माउस कॉम्प्युटरला आपली खबर देतो. ऑफिसचा साधा माउस १२५ हर्ट्झ, म्हणजे ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंग माउस १००० हर्ट्झ, म्हणजे १ मिलिसेकंदाने एकदा.

आता स्क्रीनकडे बघा. ६० हर्ट्झची स्क्रीन नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी दाखवते, १४४ हर्ट्झची साधारण ७ मिलिसेकंदांनी. १२५ वरून १००० हर्ट्झवर गेल्याचा फायदा जाणवतो. पण ८००० हर्ट्झच्या माउसने होणारी बचत एका मिलिसेकंदापेक्षाही कमी आहे, आणि त्याचा प्रोसेसरवर जादा ताण पडतो. साध्या लॅपटॉपवर ८००० हर्ट्झने गेम उलट अडखळू शकते. तेव्हा १००० हर्ट्झ बघा आणि पुढे चला.

वायर की वायरलेस?

गेमिंगसाठी वायरलेस घ्यायचा तर २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल असलेला घ्या. फक्त ब्लूटूथवाला माउस अभ्यासाला, एक्सेलला ठीक आहे, पण त्याचा प्रतिसाद संथ असतो. लॉजिटेकचा जी३०४ एका एए सेलवर चालतो, हा आपल्याकडे बऱ्याच जणांचा पहिला वायरलेस गेमिंग माउस असतो.

एक टीप: डोंगल शक्यतो यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये, चालू असलेल्या हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नका. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा येतो. एक छोटी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल माउसजवळ आणला की अडखळणं बऱ्याचदा थांबतं. बजेट दीड हजाराच्या आसपास असेल तर मी वायरवालाच सुचवतो. तेवढ्याच पैशात सेन्सर चांगला मिळतो.

दोन सेटिंग्ज, एक रुपयाही खर्च नाही

नवीन माउस लावल्यावर विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये जाऊन 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. नाव गोड असलं तरी हे अॅक्सिलरेशन आहे. हात हळू हलवला तर पॉइंटर कमी जातो, जोरात हलवला तर जास्त. मग हाताला अंतराची सवयच लागत नाही. गेममध्ये 'रॉ इनपुट' असा पर्याय असेल तर तो चालू करा. या दोन गोष्टी करून नंतर एक सेन्सिटिव्हिटी ठरवा आणि निदान दोन आठवडे तिला हात लावू नका.

कीबोर्ड: मेंब्रेन की मेकॅनिकल?

मेंब्रेन कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली रबराच्या घुमट्यांचा एकच पत्रा असतो. बटण दाबलं की घुमटी बसते आणि खालचं सर्किट जोडलं जातं. स्वस्त, शांत, पण बटण बहुधा तळापर्यंत दाबावं लागतं आणि काही वर्षांत रबर निबर होतं.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगसकट वेगळा स्विच असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने यातल्या स्विचना रंगांची नावं दिली आणि गेटरॉन, आउटेमूसारख्या कंपन्यांनीही तीच पद्धत उचलली:

- लाल: दाबताना सरळ खाली जातो, मध्ये अडथळा नाही, आवाज कमी. चेरीच्या लाल स्विचला ४५ ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. एकूण ४ मिलिमीटर प्रवासापैकी २ मिलिमीटरवर बटण लागतं. गेमिंगसाठी सगळ्यात लोकप्रिय.
- तपकिरी: मध्ये हलकासा टप्पा बोटाला जाणवतो, पण टिक आवाज नाही. टायपिंग आणि गेमिंग दोन्ही करणाऱ्यांसाठी.
- निळा: टप्पाही आणि खणखणीत 'टिक' आवाजही. लिहायला मजा येते.

निळ्या स्विचबद्दल माझं स्पष्ट मत: तुम्ही वन रूम किचनमध्ये राहत असाल किंवा हॉस्टेलमध्ये रूममेट असतील, तर घेऊ नका. रात्री अकरानंतर तो आवाज बंद दारातूनही ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी आईने कीबोर्ड कपाटात ठेवून कुलूप लावलेलं घर मला माहीत आहे.

खोक्यावर 'मेकॅनिकल फील', 'सेमी मेकॅनिकल' किंवा 'मेका-मेंब्रेन' लिहिलं असेल, तर आत मेंब्रेनच असतो. तो वाईट असेलच असं नाही, पण पैसे मेंब्रेनचेच द्या. स्विचचा रंग किंवा कंपनी लिहिलेली नसेल, तर तो मेकॅनिकल नाही असं समजून चाला.

घोस्टिंग: इथे खरा घोळ होतो

गेममध्ये आपण एकाच वेळी तीन-चार बटणं दाबतो. पळत पुढे जाता जाता उडी मारायची तर डब्ल्यू, शिफ्ट आणि स्पेस एकदम. स्वस्त कीबोर्डमध्ये पैसे वाचवायला बटणांच्या तारा ओळी आणि स्तंभांच्या जाळीत जोडलेल्या असतात. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की कीबोर्डला चौथंही दाबल्यासारखं दिसतं. यालाच घोस्टिंग म्हणतात. हे टाळायला बरेच स्वस्त कीबोर्ड तिसरं बटण घेतच नाहीत. म्हणजे तुम्ही उडी मारली, पण कॅरेक्टर जागेवरच!

चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला एक डायोड असतो, त्यामुळे करंट उलटा जात नाही आणि कितीही बटणं दाबली तरी सगळी मोजली जातात. याला 'एन-की रोलओव्हर' म्हणतात. '६-की रोलओव्हर' म्हणजे कुठलीही सहा बटणं, शिवाय शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं. गेमिंगसाठी सहाही भरपूर झाली. '२६ की अँटी-घोस्टिंग' म्हणजे मात्र एकदम २६ बटणं दाबता येतात असं नाही. ठरावीक २६ बटणांपुरती वायरिंगची काळजी घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

डब्ल्यूएएसडीच का?

सुरुवातीच्या शूटर गेम्स बाणांच्या बटणांवर खेळल्या जात. १९९६ साली आलेल्या क्वेक गेममध्ये डेनिस फाँग, म्हणजेच 'थ्रेश' नावाने खेळणारा अमेरिकन खेळाडू डब्ल्यूएएसडीवर खेळत असे. १९९७ च्या स्पर्धेत त्याने क्वेकचे निर्माते जॉन कार्मॅक यांची फेरारी बक्षीस म्हणून जिंकली आणि त्याची ही पद्धत जगभर पसरली. यामागे शहाणपणही आहे: या चार बटणांभोवती शिफ्ट, कंट्रोल, स्पेस, क्यू, ई, आर अशी दहा-बारा बटणं डाव्या हाताच्या टप्प्यात येतात. बाणांजवळ तेवढी बटणं नाहीत.

आकार किती मोठा?

पूर्ण कीबोर्डमध्ये १०४ बटणं असतात. उजवीकडचं नंबरपॅड काढलं की ८७ बटणांचा टीकेएल, आणखी छाटला की ६१ बटणांचा ६० टक्के कीबोर्ड. गेमिंगला टीकेएल मला सगळ्यात व्यवहारी वाटतो, कारण उजव्या हाताला माउससाठी जागा मिळते. वर ४७ सेंटिमीटरचं गणित केलं, ते आठवा. पण कॉमर्सचे विद्यार्थी असाल, टॅली वापरत असाल, तर नंबरपॅड लागेलच. ६० टक्केमध्ये बाणांची आणि एफ१-एफ१२ ची वेगळी बटणंही नसतात, प्रोजेक्टचं काम करताना वैताग येतो.

मॅग्नेटिक कीबोर्ड आणि रॅपिड ट्रिगर

फ्लिप कव्हर मिटलं की फोनची स्क्रीन बंद होते, तिथे बहुधा चुंबक आणि हॉल सेन्सर असतो. हीच युक्ती नव्या कीबोर्डमध्ये आली आहे. बटण किती मिलिमीटर खाली गेलंय हे चुंबकामुळे सतत मोजलं जातं. त्यामुळे बटण ०.५ मिलिमीटरवर लागावं की २ मिलिमीटरवर, हे तुम्ही ठरवू शकता. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने 'रॅपिड ट्रिगर' लोकप्रिय केलं: बोट जरा वर उचललं की बटण लगेच सुटतं, पुन्हा जरा दाबलं की लगेच लागतं. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटमध्ये झटकन थांबून गोळी झाडायला याचा खरोखर फायदा होतो.

पण एक इशारा. काही कीबोर्डमध्ये ए आणि डी दोन्ही दाबले असता शेवटचं बटणच मोजायची सोय असते. रेझर तिला स्नॅप टॅप म्हणते. ऑगस्ट २०२४ मध्ये वाल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा ऑटोमेशनला मनाई केली आणि तसं वापरणाऱ्याला मॅचमधून बाहेर काढायला सुरुवात केली. रॅपिड ट्रिगर चालतं, स्नॅप टॅप नाही. एका बटणात अनेक कृती भरणाऱ्या मॅक्रोंचंही तसंच. तुमच्या गेमचे नियम वाचल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर वर्षभर कमावलेलं अकाउंट हातचं जाईल.

गेमिंग कीपॅड म्हणजे काय? घ्यावा का?

ऑनलाइन 'कीपॅड' शोधलं की आकडेमोडीचे नंबरपॅड दिसतात. गेमिंग कीपॅड वेगळा. कीबोर्डचा डावा तुकडाच हाताच्या आकारात बनवलेला असतो: तळहात टेकायला जागा, बोटांखाली वीसेक बटणं आणि अंगठ्यासाठी आठ दिशांचं बटण किंवा छोटी जॉयस्टिक. बेल्किनचा नॉस्ट्रोमो आणि लॉजिटेकचा जी१३ हे यातले जुने प्रसिद्ध कीपॅड, आता बंद झालेत. सध्या रेझरचा टार्टारस आणि लॅटव्हियाच्या अझेरॉन कंपनीचे कीपॅड ओळखीचे आहेत.

कीपॅड कुणासाठी? ज्या गेममध्ये वीस-तीस स्किल्स असतात (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी १४ वगैरे) त्या खेळणाऱ्यांसाठी. आणि ज्यांना कीबोर्डवर मनगट वाकवून त्रास होतो किंवा बोटांची हालचाल मर्यादित आहे त्यांच्यासाठी. नुसती व्हॅलोरंट खेळायला तो लागत नाही. शिवाय चॅट करायला कीबोर्ड हवाच, प्रत्येक गेमसाठी बटणं बसवायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि तो बहुधा डाव्या हातासाठीच घडवलेला असतो. तुम्ही डावखुरे असून माउस डाव्या हाताने धरत असाल, तर असा कीपॅड उपयोगाचा नाही.

कल्पना करून बघायची असेल तर स्वस्तातला प्रयोग सांगतो. साधा यूएसबी नंबरपॅड घ्या, तो डाव्या हाताखाली ठेवा, नम लॉक चालू करा आणि गेममध्ये ८, ४, ५, ६ ही बटणं डब्ल्यू, ए, एस, डीच्या जागी नेमून द्या. बटणांची रचना तीच आहे. गेम नंबरपॅडची बटणं वेगळी ओळखत असेल तर पंधरा-सोळा बटणांचा कीपॅड तयार! महिनाभर आवडला, तर मग खऱ्या कीपॅडचा विचार करा. तुम्ही डावखुरे असाल तर हाच नंबरपॅड उजव्या हाताखालीही ठेवता येतो. डावखुऱ्यांनी माउस मात्र दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा बघावा.

दुकानात फोनवर तपासा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तपकीर गल्ली असो किंवा तालुक्याचं दुकान, खिशात एक ओटीजी अडॅप्टर ठेवा. अँड्रॉइड फोनला माउस आणि कीबोर्ड थेट जोडता येतात. सेकंडहँड वस्तू घेताना तर हे कराच.

१. माउस जोडा. स्क्रीनवर बाण दिसेल. हळूहळू गोल फिरवा, बाण उड्या मारतो का बघा.
२. नोट्स अॅप उघडा आणि कुठल्याही बटणावर एकेक क्लिक करा, वीस-तीस वेळा. एका क्लिकला दोन क्लिक होत असतील तर आतला स्विच झिजलाय. असा माउस घेऊ नका.
३. चाक वर-खाली फिरवा. पान एकदम उलट दिशेला सरकलं तर चाकाचा एन्कोडर गेलाय.
४. कीबोर्ड जोडून क्रोममध्ये एखादं की टेस्टर पान उघडा. प्रत्येक बटण दाबा.
५. मग डब्ल्यू, शिफ्ट, स्पेस एकदम. नंतर ए, कंट्रोल, स्पेस. नंतर क्यू, डब्ल्यू, शिफ्ट. प्रत्येक वेळी तिन्ही बटणं दिसली पाहिजेत.

मी एका मावसभावासोबत अशीच तपासणी केली होती. 'गेमिंग कॉम्बो' म्हणून मिळणारा, चमचमणारा कीबोर्ड डब्ल्यू, शिफ्ट, स्पेसमध्येच अडला. शेजारचा बिनदिव्यांचा साधा कीबोर्ड तिन्ही चाचण्यांत पास झाला आणि स्वस्तही होता.

जीएसटीचं बिल घ्या आणि वॉरंटी किती, कुणाकडे, हे त्यावर लिहून घ्या. माउसचा डबल क्लिक बहुधा काही महिन्यांनी सुरू होतो, तेव्हा बिलच कामाला येतं. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तीन हजारांत कसं बसवायचं?

माझी वाटणी अशी: निम्मे पैसे वायरवाल्या, सेन्सरचं नाव लिहिलेल्या माउसवर. तीन-चारशे मोठ्या कापडी पॅडवर. उरलेल्यात चाचणी पास झालेला मेंब्रेन कीबोर्ड, किंवा सध्या लॅपटॉपचाच वापरून सेल लागल्यावर लाल स्विचचा टीकेएल. रेडगियर, कॉस्मिक बाइट, अँट ईस्पोर्ट्स यांच्याकडे या बजेटच्या वस्तू असतात, पण पारखायची ती वस्तू, नाव नाही. दिव्यांसाठी वेगळा पैसा देऊ नका.

हातांची काळजी

माउस तुटला तर नवीन मिळतो, मनगट नाही मिळत. पलंगावर लॅपटॉप ठेवून, मनगट वर मोडून खेळू नका. खुर्चीची उंची अशी ठेवा की कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहील. कीबोर्डचे मागचे पाय उघडल्याने मनगट जास्त वाकतं, ते मिटून बघा. दर मॅचनंतर दोन मिनिटं उठा. बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होणं असं सुरू झालं तर नवा माउस शोधण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हाच माउस-कीबोर्ड फोनला लावून बीजीएमआय खेळू का?*
फोनला जोडता येतो, पण रँक्ड मॅचसाठी तसं करू नका. अडॅप्टर आणि अॅप लावून टचची नक्कल करणं बऱ्याच मोबाइल शूटर गेम्सच्या नियमांत बसत नाही आणि अकाउंट बॅन होऊ शकतं.

*चांगला माउस घेतला की नेम सुधारेल का?*
वाईट माउसमुळे होणाऱ्या चुका थांबतील. बाकीचं रोजच्या सरावावर आहे.

*मेकॅनिकल कीबोर्डचं एक बटण बिघडलं तर?*
'हॉट-स्वॅप' कीबोर्ड असेल तर तो एक स्विच चिमट्याने काढून नवा बसवता येतो. नसेल तर सोल्डरिंग करावं लागतं, मोबाइल रिपेअरिंगवाला ते करून देऊ शकतो.

*स्विचचं आयुष्य ५ कोटी क्लिक लिहिलंय, खरं का?*
तो कंपनीच्या चाचणीचा आकडा आहे. धूळ, दमट हवा आणि घामाने स्विच त्याआधीही जाऊ शकतो. कोकणात, मुंबईत राहत असाल तर वापर झाल्यावर कीबोर्डवर कापड टाकून ठेवा.

तर मित्रांनो, दुकानात जाताना एवढंच लक्षात ठेवा: हातात बसणारा माउस, नाव असलेला सेन्सर, १००० हर्ट्झ, मोठा पॅड आणि तीन बटणांची चाचणी पास करणारा कीबोर्ड. बाकी काही आवडलं तर ते हौस म्हणून घ्या. पीसीवर पहिल्यांदा वळणाऱ्या तुमच्या मित्राला हा लेख पाठवा, त्याचेही पैसे वाचतील. हॅपी गेमिंग!